क्षितिजाविना प्रदेश : जिव्या सोमा मशे यांचा चित्रावकाश

‘ग्रामजीवनाकडे वळलेला चित्रकार’ ही कलासमीक्षेतील रूढ कोटी मुळात नगराच्या बाजूने घडलेली आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ यांच्या परिसरात रमले. त्यांची प्रकाशाची जाण आजही थक्क करते. पण त्या निसर्गचित्रांत पाहणाऱ्यासाठी काठावरची एक जागा राखलेली असते. क्षितिज, यथार्थदर्शन आणि अंतर यांनी ती जागा सिद्ध होते.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर) डहाणू तालुक्यात, गंजाडला राहिलेल्या जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांना ही कोटी लागू पडत नाही. त्यांना गावाकडे वळावेच लागले नाही. तरीही त्यांची चित्रे प्रदेशचित्रे का मानू नयेत, हा प्रश्न समीक्षेने टाळला आणि ‘आदिवासी कला’ या सोयीच्या खणात ती ठेवून दिली.

वारल्यांचा लग्नचौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहितात. ‘लिहिणे’ हेच क्रियापद तेथे रूढ आहे. चौकटीच्या आत पालघाट देवी. झाडे, पशू, माणसे भोवती. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले आणि मशे यांची चित्रे बाहेरच्या जगासमोर आली. मशे विधीच्या निमित्तावाचून, रोजच चित्र काढीत. विधी सुटला तशी देवीची चौकट सुटली, आणि जे भोवताल होते त्यानेच सगळा पृष्ठभाग व्यापला. वारली चित्रातील हे स्थित्यंतर केवळ माध्यमबदलाचे नाही.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. बारीक रेषांची वीण चित्रभर पसरते. पाण्याला वेगळा रंग नाही, ते जाळ्यामुळेच कळते. आकाश नाही, काठ नाही. प्रेक्षकाने कोठे उभे राहावे हे चित्र सांगत नाही. प्रदेश येथे दिसत नाही, तो कामातून उमगतो. लावणी, मळणी, मासेमारी हीच त्याची मोजमापे.

२००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग आणि मशे यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. भूमीवरून चालत जाऊन वर्तुळे, रेषा मागे ठेवणारा लाँग आणि मशे यांच्यातील साम्य मोहक आहे, पण ते आकारापुरतेच. लाँगची वाट एकट्याची, आणि तो निघून जातो. मशे यांच्या चित्रांत माणूस क्वचितच एकटा भेटतो; तारपा वाजवणाऱ्याभोवतीची साखळी हातात हात गुंफूनच फिरते.

हीच साखळी पुढे कपबश्यांवर आणि इमारतींच्या भिंतींवर सुटी उतरली. तेथे ती पुन्हा चौकटीतला अलंकार झाली, फक्त या वेळी चौकटीत देवी नाही.