सूतिकाज्वराची संज्ञा आणि सेमेलवाइसचा ग्रंथ

इग्नाझ सेमेलवाइस याच्या १८६१ सालच्या जर्मन ग्रंथाच्या शीर्षकात तीन गोष्टींचा निर्देश आहे : सूतिकाज्वराची कारणमीमांसा, त्याची संकल्पना आणि त्याचा प्रतिबंध. हात धुण्याचा पुरस्कर्ता म्हणून सेमेलवाइसचे नाव घेताना पहिल्या व तिसऱ्या अंगाचा परामर्श आपोआप घेतला जातो. मधला शब्द मागे पडतो. ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही मात्र तेथेच शोधावी लागतात.

ग्रंथातील मुख्य पुरावा व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील दोन प्रसूतिविभागांचा आहे. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ स्त्रिया दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४; दुसऱ्यात हे प्रमाण सुमारे २.८ होते. १८४७ च्या मार्चमध्ये प्राध्यापक कोलेट्श्का शवविच्छेदनप्रसंगी विद्यार्थ्याच्या सुरीने जखमी होऊन मरण पावला आणि त्याच्या शवात बाळंतिणींच्या शवांसारख्याच विकृती आढळल्या. मे महिन्यापासून क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम झाला. १८४८ साली पहिल्या विभागातील प्रमाण १.२७ वर आले. सुइणींच्या विभागात ते १.३३ होते.

कोलेट्श्का पुरुष होता, ही साधी गोष्ट संज्ञेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ‘सूतिकाज्वर’ हे नाव रोग कोणाला व केव्हा होतो एवढेच सांगते. आपला ‘बाळंतरोग’ही त्याच जातीचा. कारणाविषयी दोन्ही शब्द मुके आहेत. तोच विकार पुरुषाला आणि नवजात बालकालाही होतो असे म्हणताच नावाचा पायाच डळमळतो. सेमेलवाइसने नाव राखले व अर्थ बदलला : सडलेले जैव द्रव्य शरीरात शोषले जाऊन येणारा ज्वर तो सूतिकाज्वर. लक्षणांऐवजी कारणावरून रोग ओळखण्याचे हे धाडस ग्रंथातील सर्वांत मोलाचे होय.

परंतु कारणाला दिलेले पहिले नाव ‘प्रेतकण’ असे होते, आणि ते अपुरे ठरले. १८४७ च्या ऑक्टोबरात गर्भाशयाच्या स्रवणाऱ्या कर्करोगाची एक रुग्ण विभागात होती. तिला तपासून केवळ साबणाने हात धुतले गेले, आणि त्या वेळी प्रसूत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा दगावल्या. येथे प्रेताचा संबंध नव्हता. व्याख्या रुंदावली, पण सेमेलवाइसने वर्षानुवर्षे स्वतः काही प्रसिद्ध केले नाही. लेखनाविषयीची उपजत नावड त्याने प्रस्तावनेत कबूल केली आहे. मित्रांच्या वृत्तांतांतून बाहेर ठसला तो प्रेताचाच अर्थ. जेथे शवविच्छेदन होत नाही तेथेही ज्वर येतो, असा आक्षेप मग घेतला गेला. आक्षेप शब्दाला लागू होता, सिद्धान्ताला नव्हे.

ग्रंथाचा उत्तरार्ध प्रतिपक्षाच्या खंडनात खर्ची पडला असून त्यातील पुनरुक्ती वाचकाला थकविते. तरी ग्रंथाच्या अपयशाचे सगळे खापर या शैलीवर फोडणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ब्रिटिश वैद्यांशी झालेला मतभेद पाहावा. ते या ज्वराला संसर्गजन्य म्हणत; सेमेलवाइस म्हणे, देवीसारखा हा संसर्गजन्य नाही, तो केवळ वाहून नेता येतो. ‘संसर्ग’ या शब्दाची मर्यादा कोणती, हे ठरल्याविना हा वाद मिटणे शक्य नव्हते. पास्चरने या रोगातील साखळीरूप जंतू दाखविले ते १८७९ मध्ये. सेमेलवाइस १८६५ सालीच व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात मरण पावला होता.