ग्रांद जातचा रविवार

मंडळी, आता पडद्यावर आलेलं चित्र आपण बहुतेकांनी कॅलेंडरवर, नाहीतर चहाच्या मगावर पाहिलेलं असतं. जॉर्ज स्यूराचं ‘ग्रांद जात बेटावरची रविवारची दुपार’, १८८४ ते १८८६. मूळ चित्र शिकागोत आहे, सुमारे २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद. म्हणजे भिंतच म्हणा ना. मगावर ते गोड दिसतं. पण ते खरंच गोड आहे का?

सेन नदीकाठी पॅरिसची माणसं सुट्टी घालवताहेत. छत्र्या, शिडाच्या होड्या, कुत्री. एका बाईनं तर चक्क माकड आणलंय. पण माणसांकडे नीट बघा. डावीकडे पुढे बिनबाह्यांची बंडी घातलेला एक माणूस पाईप ओढत पहुडलाय. त्याच्याजवळच उंच हॅटवाले गृहस्थ काठी घेऊन बसलेत. सावली एकच, पण नजरानजर नाही. सगळ्या बेटावर गर्दी आहे, गप्पा जवळजवळ नाहीत.

आता तंत्र. स्यूरा रंग कालवून एकजीव करण्याऐवजी ठिपके शेजारी-शेजारी ठेवतो आणि मिसळण्याचं काम आपल्या डोळ्यांवर सोपवतो. आम्हाला वाटतं, माणसंही त्यानं अशीच मांडलीत. ती लाकडी बाहुल्यांसारखी ताठ आहेत, हा आक्षेप जुनाच आहे. निरीक्षण बरोबर आहे. पण तो चित्राचा दोष नाही, तेच चित्राचं म्हणणं आहे.

याला आधार काय? स्यूराचंच आधीचं चित्र घ्या, ‘आनिएरचे स्नानार्थी’, १८८४. तो काठ याच बेटासमोरचा. तिथे कामकरी पोरं आंघोळीला आलीत आणि पाण्यातला एक मुलगा तोंडाशी हात धरून हाक घालतोय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, की बेटावर ती हाक कुणाला ऐकू गेल्याचं दिसत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. स्यूरानं वापरलेला जस्ती पिवळा रंग पुढे काळवंडला, त्यामुळे उन्हातली हिरवळ आज मूळच्यापेक्षा मंद दिसते. चित्राची सगळी उदासी स्यूराच्या नावावर टाकू नये. पण माणसांमधलं अंतर रंगामुळे आलेलं नाही, ते त्यानंच आखलंय.

तरी चित्र निव्वळ निराशेचं नाही, बरं का. मागे नारिंगी कपड्यातली एक पोर धावतेय. आणि मधोमध पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी थेट आपल्याकडे बघतेय. एवढ्या माणसांत तिनंच आपल्याला पाहिलंय. पुढच्या वेळी तो मग हातात घ्याल, तेव्हा आधी तिला शोधा.