‘पाश्चात्त्य की भारतीय?’ : एका प्रश्नावलीची चिकित्सा

व्हेरिएबल कसा ठरवायचा, हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज एका खऱ्या सिनॉप्सिसवरून त्याबद्दल लिहितेय. तो माझ्या एका ज्युनियरचा आहे आणि तिची परवानगी घेतली आहे. मी स्वतः एम.एस्सी. सांख्यिकीची. संगीतातलं मला जेमतेम कळतं, त्यामुळे ही चिकित्सा मुख्यतः पद्धतीची आहे.

विषय छान आहे: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना उपासनेत कोणत्या शैलीचं संगीत आवडतं? जागाही विचारपूर्वक निवडली आहे. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे देशभरातून कामगार आले, आणि बदलापूरला मुंबईत घर न परवडणारी कुटुंबं आली. लोकलची लागोपाठ तीन स्टेशनं, पण वस्ती तीन तऱ्हांची.

प्रश्नावलीतला मुख्य प्रश्न असा आहे: ‘तुम्हाला उपासनेत कोणती शैली आवडते? (अ) पाश्चात्त्य (ब) भारतीय (क) दोन्ही.’ माझी अडचण इथूनच सुरू होते.

आजींचं उत्तर

पायलटमध्ये एका आजींनी ‘भारतीय’वर टिक केली. पुढच्या प्रश्नात आवडतं गीत म्हणून त्यांनी जे लिहिलं, ते मूळ इंग्रजी गीताचं भाषांतर आहे आणि चालही परदेशीच. ज्युनियरने ‘उत्तर विसंगत’ असा शेरा मारून टिक बदलली आणि ‘पाश्चात्त्य’ केलं. मी म्हटलं, आधी त्यांना जाऊन विचार. आजी म्हणाल्या, “बोर्डिंगात शिकले गं हे. आईच्या मयतीलाही हेच म्हटलं. आपलंच आहे की!”

म्हणजे चूक आजींची नव्हती. ‘भारतीय’ या शब्दाचा अर्थ त्यांनी ‘आपलं’ असा घेतला आणि ज्युनियरने ‘रागदारी, पेटी-तबला’ असा घेतला. एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जात असतील, तर नमुना कितीही मोठा घेतला तरी दोष जात नाही. आणि स्वतःच्या गृहीतकात बसत नाही म्हणून उत्तर बदलणं तर अजिबातच नाही!

इतिहास काय सांगतो?

सिनॉप्सिसमध्ये पार्श्वभूमी एका वाक्यात उरकली आहे: मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य संगीत आणलं, मग रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ते भारतीय केलं. हे फार सरधोपट झालं.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी अभंग, पदं, भजनं विपुल लिहिली आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती मोठ्या संख्येने आहेत. त्याच संग्रहात भाषांतरित गीतंही आहेत. दोन्ही प्रकार पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी गायले गेले. ‘आधी परकं, मग देशी’ अशी सरळ रेघ काढता येत नाही.

टिळकांनी नक्की काय बदललं, हेही पाहायला हवं. इंग्रजी गीताच्या ओळीत ठरावीक जागी आघात येतो. मराठी शब्दांत तसा आघात नाही, तिथे ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचं. म्हणून भाषांतर इंग्रजी चालीवर बसवलं की कधी ऱ्हस्व अक्षर लांबतं, कधी शब्द मधेच तुटतो. अभंगात ही ओढाताण नाही. शिवाय भजनात एक जण म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात, त्यामुळे वाचता न येणारा माणूसही पहिल्याच दिवशी गाऊ शकतो. पुस्तकातलं चार-पाच कडव्यांचं गीत म्हणायचं तर वाचता यायला हवं, नाहीतर पाठ तरी हवं. हा फरक ‘आवडी’चा नसून ‘सहभागा’चा आहे. प्रश्नावलीत सहभागावर एकही प्रश्न नाही.

‘भारतीय’ म्हणजे कोणाचं?

टिळक ब्राह्मण कुटुंबातून आले आणि संतकाव्यावर वाढले. मराठी ख्रिस्ती समाजातला मोठा भाग मात्र महार-मांग वस्त्यांमधून आला. त्यांची स्वतःची वाद्यं आणि गाणी होती. ती उपासनेत किती आली आणि किती बाहेर राहिली? तमिळनाडूत हा प्रश्न थेट विचारला गेला आहे. तिथे कर्नाटक शैलीतली ख्रिस्ती कीर्तनं जुनी आणि प्रतिष्ठित आहेत. थिओफिलस अप्पावू यांनी त्यांच्यासमोर दलितांचं लोकसंगीत उभं केलं. झोई शेरिनियन यांचं २०१४चं पुस्तक याच कामावर आहे. सिनॉप्सिसच्या संदर्भयादीत ते नाही, आणि ही उणीव मला सगळ्यात मोठी वाटते. ‘भारतीय’ हा एकच पर्याय ठेवला की हा सगळा भेद पुसला जातो.

सिनॉप्सिसचा सैद्धांतिक आधार म्हणजे लुथरन वर्ल्ड फेडरेशनचं १९९६चं नैरोबी निवेदन. उपासना आणि संस्कृती यांचं नातं ते चार अंगांनी मांडतं: सर्व संस्कृतींना समान, स्थानिक संदर्भातलं, संस्कृतीला विरोध करणारं आणि संस्कृतींमध्ये देवाणघेवाण करणारं. विचाराला ही चौकट उत्तम आहे. पण ती मोजपट्टी नाही. आजींचं गीत यातल्या कोणत्या खान्यात टाकाल? माझ्या मते निदान दोन खान्यांत.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे भाषा, चाल, वाद्यं आणि गाण्याची पद्धत हे चार व्हेरिएबल वेगळे करा. तरुणांना गिटारवरची हिंदी गीतं आवडतात असं दिसलं, तर ओढ गिटारची आहे की हिंदीची? एकच पद पेटी-तबल्यावर आणि गिटारवर ऐकवलं, तर शब्द तेच राहून फक्त वाद्य बदलतं.

दुसरं, ‘हे गीत कुठे शिकलात?’ असं विचारा. शैलीपेक्षा आठवण जास्त बोलते का, ते कळेल.

तिसरं, ‘आवडतं का?’ याबरोबर रविवारी बसून किती जण खरोखर गातात ते पाहा. ऐकायला आवडणं आणि गाता येणं एक नाही.

चौथं, सध्याचा नमुना फक्त उपासनेला येणाऱ्यांचा आहे. जे संगीतामुळेच दुसऱ्या मंडळीत गेले, ते यात कुठे आहेत? त्यांना गाठणं कठीण आहे, पण निदान मर्यादा म्हणून लिहा.

हे सगळं तांत्रिक वाटेल, पण तिथल्या एका मंडळीच्या पंचांनी या पाहणीचा निकाल मागून ठेवला आहे. जुन्या पुस्तकातली गीतं मुख्य उपासनेत ठेवायची की नाही, हे त्यांना ठरवायचंय. आजींची टिक बदललेलीच राहिली असती, तर त्यांचं मत त्यांच्याच गीताच्या विरोधात मोजलं गेलं असतं, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं.

ज्युनियरने मुख्य प्रश्न काढून टाकलाय आणि पायलट नव्याने करतेय. तुमच्या प्रश्नावलीतही असा एखादा ‘अ की ब’ असेल. तो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून पाहा, आणि त्यांनी काय अर्थ घेतला ते लिहून ठेवा.