संचात नसलेला मुस्तफा

जपानच्या कॅपकॉम कंपनीनं सप्टेंबर 2024 मध्ये आपल्या जुन्या मारामारीच्या गेमचा एक संच काढला. त्यात एक्स-मेनपासून ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 2’पर्यंत समोरासमोरच्या लढतींचे सहा गेम आहेत आणि सातवा, 1993 चा ‘द पनिशर’. काम निगुतीनं केलंय. डब्बा टीव्हीवर दिसायच्या तशा आडव्या रेघासुद्धा हव्या तर पडद्यावर आणता येतात, सरावाची सोय आहे, दूरच्या गड्याशी इंटरनेटवरून भिडताही येतं. तरी आकुर्डी-भोसरीकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये कॉइन टाकत वाढलेला माणूस ही यादी वाचून एकच विचारणार : मुस्तफा कुठंय?

मुस्तफा म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तोही कॅपकॉमचाच, तोही 1993 चा. कथेचा नायक खरं तर जॅक टेन्रेक. पण आपल्याकडे पिवळ्या टोपीच्या मुस्तफा कैरोनं सगळा गेमच स्वतःच्या नावावर करून घेतला. का, ते हँडल हातात आलं की कळतं. गेममधला दुसरा गडी मेस ताकदीचा, पण अंगानं जड. मुस्तफा चपळ. हँडल एका दिशेला दोनदा दाबलं की तो धावत सुटतो, आणि त्या धावेतच त्याची लाथ समोरच्या टोळक्यात शिरते. फटका खाण्याआधी जागा सोडणारा गडी जास्त वेळ टिकतो. खिशात एकच कॉइन असेल तर नायक घेऊन काय करायचंय?

बटणं दोनच, मारायचं आणि उडीचं. दोन्ही एकदम दाबली तर भोवतीचे गुंड उडून पडतात, पण आपलीही थोडी लाईफ जाते. मला या गेमची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. वेढा पडल्यावर आत्ता लाईफ द्यायची की अजून दोन फटके सोसायचे, हे निमिषात ठरवावं लागतं. त्यात एका वेळी तिघं खेळणार. सापडलेलं खाणं कुणी उचलायचं याची भांडणं पडद्याबाहेर. डायनोसॉर तर न्यारेच. चोरटे शिकारी त्यांना छळतात, आपण त्यांना वाचवायला निघालेलो; पण चिडलेलं जनावर वाचवणाऱ्यालाही तेवढ्याच जोरात उडवतं. उपकाराची जाण वगैरे भानगड नाही. तिसऱ्या स्टेजला कॅडिलॅकमध्ये बसून गुंडांना चिरडत जायचं. आणि जॅक कोण, तर जुन्या गाड्या दुरुस्त करणारा गॅरेजवाला! टेल्को आणि बजाजच्या शिफ्टवर ज्यांची घरं चालत होती, त्या पोरांना हा हिरो परका वाटायचं कारण नव्हतं.

हा गेम घरच्या मशीनवर अधिकृतपणे कधीच आला नाही. 2018 मध्ये कॅपकॉमनं याच जातीच्या सात गेमचा संच काढला, त्यातही तो नव्हता. मूळ कॉमिक, ‘झेनोझोइक टेल्स’, मार्क शुल्ट्झ यांचं, कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं, गेम कॅपकॉमचा. म्हणजे कॅपकॉमला आणखी दोन दारं ठोठावायची. पनिशरसाठी मार्व्हलचं दार उघडलं, कारण त्या नावामागे आज सिनेमाचा पैसा आहे. मुस्तफामागे आपल्यासारखे लोक आहेत, आणि आपण त्याला कधी रुपयापेक्षा जास्त दिलं नाही.

माझी तक्रार मात्र आणखी एक आहे. या संचांत कॉइन फुकट. मेलात, बटण दाबा, पुन्हा उभे. मग दोन बटणांच्या त्या सौद्यात उरतं काय? लाईफ स्वस्त झाली की चपळ आणि जड यांतला फरकही पुसला जातो, आणि शेवटच्या स्टेजपर्यंत कुणीही पोचतं. चित्र, आवाज, वेग जसाच्या तसा ठेवूनही गेम बदलतो तो इथं. याला उपाय आपल्याच हातात आहे. पनिशर मुस्तफाच्याच घडणीचा आहे, दोन बटणांचा सौदाही तोच. तो जरूर खेळा, पण कॉइनचं बटण एकदाच दाबा.