घडवायला टाकलेली गिटार

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘पाटल्या घडवायला टाकल्या आहेत.’ या ‘टाकण्या’त पुष्कळ काही असते. सोनारावरचा विश्वास असतो, मनगटाचे माप असते, आजीच्या मोडलेल्या गोठांचे सोने असते आणि ‘यंदा तरी वेळेवर देईल ना?’ ही धाकधूकही असते. न्यूयॉर्क आणि बोस्टन या शहरांत जॅझ वाजवणाऱ्यांनी एकेकट्या कारागिरांकडे अशाच गिटारी घडवायला टाकल्या. त्या गिटारींविषयी, आणि त्याहीपेक्षा त्या टाकणाऱ्यांविषयी, मला येथे लिहायचे आहे. वाद्याची चर्चा निघाली की आपण कारागिराचे गुणदोष पाहतो, फार तर वादकाचे. मागणी करणाऱ्याची समीक्षा कोणी करीत नाही. माझ्या मते वाद्य पुष्कळदा बिघडते ते तेथेच, आणि साधते तेही तेथेच.

प्रथम हे वाद्य कसले ते सांगितले पाहिजे. नेहमीच्या गिटारीचा दर्शनी भाग म्हणजे एक पातळ, सपाट फळी असते. आर्चटॉप गिटारीचे तसे नाही. तिच्यासाठी स्प्रूस लाकडाची जाड फळी मधोमध चिरून पुस्तकाच्या दोन पानांसारखी उघडतात, कडेला कड लावून जोडतात, आणि मग पटाशीने व अंगठ्याएवढ्या रंध्याने आतून-बाहेरून कोरीत नेतात. मध्ये फुगीर आणि कडेला उतरता असा तो घुमट तयार होतो तेव्हा मध्यावर त्याची जाडी साधारण पाव इंच आणि कडेला त्याच्या निम्मी उरते. फळीचा बराचसा भाग भुशाच्या रूपाने जमिनीवर पडलेला असतो. पाठ मेपलची, तीही कोरलेली. आवाजाची भोके व्हायोलिनच्या धर्तीची. घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी राहते. कारागीर कोरताना मधूनमधून फळी बोटांनी वाजवून पाहतो. कोठे थांबायचे हे त्याला मोजपट्टीपेक्षा कान अधिक सांगतो. एक दोन फटके जास्त पडले की गिटार आयुष्यभर पोकळ बोलते.

आपल्याकडे हे वाद्य नाव न कळता ऐकलेले पुष्कळ असतील. ब्रिजभूषण काबरा यांनी गिब्सन कंपनीची मोठी आर्चटॉप मांडीवर आडवी घेऊन तिच्यातून मींड काढली, आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही याच घराण्यातली. पण ती मुळात वाढली ती जॅझच्या गोंगाटात. 1920 नंतरच्या वाद्यवृंदांत तुताऱ्या, ट्रॉम्बोन आणि ढोल यांच्यामध्ये बसलेल्या गिटारवाल्याचे कोणाला ऐकूच जाईना. कॅलामाझू गावच्या गिब्सन कंपनीने लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली 1922 मध्ये ‘एल-5’ ही गिटार काढली, आणि घुमटदार फळीचा आवाज त्या गर्दीतून वाट काढतो हे सर्वांना कळले. हा आवाज फार रेंगाळत नाही. टणकन उमटतो, ताल दाखवतो आणि बाजूला होतो.

जॉन डी'अँजेलिको याने 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवर दुकान काढले तेव्हा प्रारंभी तो या एल-5 च्याच वळणावर गिटारी करीत होता. हा इटालियन वस्तीतला मुलगा. नवव्या वर्षापासून नात्यातल्या एका आजोबांच्या हाताखाली व्हायोलिने आणि मँडोलिने करायला शिकलेला. दुकान लहान, मदतनीस एखाद-दुसरा. पुढे 1964 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, तो वारला. तोपर्यंत त्याच्या गिटारींचे क्रमांक 1164 पर्यंत गेले होते. त्याच्या वह्या शिल्लक आहेत. त्यांत गिटारीचा क्रमांक आहे, प्रकार आहे आणि गिऱ्हाइकाचे नाव आहे. मला ही वह्यांची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारखान्याच्या नोंदीत माल असतो. या नोंदीत माल आणि माणूस एका ओळीत येतात. मागणी देणारे बहुतेक रोज रात्री कोठे तरी वाजवणारे लोक. वाद्य आवडले नाही तर ते दुसऱ्या दिवशी दुकानात उभे राहणार, हे कारागिराला ठाऊक होते.

जॉनी स्मिथ हा अशा गिऱ्हाइकांचा उत्तम नमुना. 1952 मधल्या ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ या ध्वनिमुद्रिकेने तो प्रसिद्धीला आला. त्याची सुरावट जवळजवळच्या स्वरांची. एकाच वेळी चार स्वर इतके लगत लावायचे की ऐकणाऱ्याला ते पियानोतून आल्यासारखे वाटावे. अशा वादनाला मोठा आवाज नको असतो, सारखा आवाज हवा असतो. एक स्वर पुढे आणि एक मागे राहिला की सगळी वीण उसवते. त्याने डी'अँजेलिकोकडून आपल्या गरजेप्रमाणे गिटार करवून घेतली, आणि पुढे 1961 मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची गिटार काढली ती याच वळणावर. एका माणसाच्या बोटांसाठी केलेली वस्तू कारखान्याला कित्ता म्हणून घ्यावी लागली! तीत विजेचा ध्वनिग्राहकसुद्धा घुमटाला भोक न पाडता वरच्या वर तरंगता बसवलेला असतो.

याच्या अगदी उलट गरज फ्रेडी ग्रीनची. काउंट बेसीच्या वृंदात तो 1937 मध्ये शिरला आणि 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. पन्नास वर्षे हा माणूस जवळजवळ एकही स्वतंत्र तान न घेता मात्रेमात्रेला ठोका देत बसला. विजेचे यंत्र त्याने सहसा जवळ केले नाही. तारा पट्टीपासून इतक्या उंच ठेवलेल्या की दुसऱ्याची बोटे दुखावीत. बोस्टनच्या स्ट्रॉमबर्ग बापलेकांची 19 इंच रुंदीची अवाढव्य गिटार त्याने कित्येक वर्षे वापरली. लाडकी वस्तू म्हणून ती कोणी दिवाणखान्यात ठेवणार नाही. पण बेसीच्या ध्वनिमुद्रिका लावून पाहाव्यात. गिटार ऐकू येते असे वाटत नाही, आणि ती नसती तर सारा वृंद घसरला असता असे मात्र वाटत राहते. स्मिथची गिटार ग्रीनच्या हाती आणि ग्रीनची स्मिथच्या हाती दिली असती तर दोघेही निरुपयोगी ठरले असते. ‘उत्तम गिटार कोणती?’ हा प्रश्नच म्हणून मला अपुरा वाटतो. त्यात ‘कोणाला?’ हा शब्द राहून गेलेला असतो.

आपल्या मिरजेच्या तंतुवाद्यकारांना हे सांगण्याची गरज नाही. तेथे तंबोऱ्याची मागणी पट्टीपासून सुरू होते. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा तंबोरा आणि काळी चारमध्ये गाणारीचा तंबोरा यांचा भोपळाच वेगळा निवडावा लागतो. जवारी कोणाला खुली आवडते, कोणाला बंद. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ठीकच झाले. पण त्या गावाची खरी पुण्याई या विचारण्यात आहे.

आज आर्चटॉप करवून घेणाऱ्यालाही असेच प्रश्न येतात. रुंदी 16 इंच, 17 की 18? तारेची लांबी किती? पट्टी वरच्या टोकाशी किती रुंद? तारा गुळगुळीत वापरता की खरखरीत? एकटे वाजवता की वृंदात? थोडी रक्कम आगाऊ द्यायची आणि महिने, कधी वर्षे, वाट पाहायची. येथे गिऱ्हाइकाची परीक्षा असते. ज्याला आपले वादन माहीत आहे तो चार वाक्यांत मोकळा होतो. ज्याला ते माहीत नाही तो शिंपल्याच्या नक्षीवर चार पाने लिहितो, लाकूड अमुकच डोंगरावरचे हवे म्हणतो, आणि घुमटाची जाडीही स्वतःच ठरवू पाहतो. लाकडाच्या या सोवळ्याला बॉब बेनेडेट्टो या नामांकित कारागिराने छान उत्तर दिले. त्याने घरबांधणीच्या गाठाळ लाकडाची एक आर्चटॉप करून दाखवली, आणि ती चांगली बोलली. गाठी पाहणाऱ्याला दिसतात, ऐकणाऱ्याला दिसत नाहीत.

म्हणून मी नक्षीचा शत्रू आहे असे नव्हे. डी'अँजेलिकोची ‘न्यूयॉर्कर’ गिटार चांगलीच नटवी आहे. तिच्या माथ्यावर शिंपल्यात एक गगनचुंबी इमारतच बसवली आहे. पण मंचावर दिव्याखाली बसणाऱ्या माणसाला थोडी मिरवण लागते. ती त्याच्या धंद्याचाच भाग आहे. प्रश्न येतो तो नक्षी उरते आणि धंदा जातो तेव्हा.

जिमी डी'अक्विस्टोला हे भोगावे लागले. हा डी'अँजेलिकोचा शिष्य, स्वतः वादक, 1952 च्या सुमारास निरोप्या पोऱ्या म्हणून दुकानात आलेला. गुरूच्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या दहा गिटारी त्यानेच पुऱ्या केल्या. गिऱ्हाइकांना मात्र कित्येक वर्षे त्याच्याकडून गुरूच्याच छापाची गिटार हवी असे. त्याचे मन दुसरीकडे ओढत होते. धातूची तारपट्टी काढून त्याने आबनुसाची केली, शिंपले आणि चकाकी उतरवली, शेवटी शेवटी तर भोकांचे रूपही बदलले. त्या उत्तरकाळातल्या गिटारी पाहताना वाटते की याला आणखी पंधरा वर्षे मिळायला हवी होती. 1995 मध्ये तोही 59 व्याच वर्षी गेला.

त्याने 1994 मध्ये स्कॉट चिनरी या धनिक संग्राहकासाठी एक निळी गिटार केली होती. तो निळा रंग चिनरीच्या मनात भरला. डी'अक्विस्टोच्या मृत्यूनंतर त्याने 22 कारागिरांना तशाच निळ्या, 18 इंच रुंदीच्या गिटारी करायला सांगितल्या. बाकी सारे त्यांच्यावर सोपवले. स्मिथसोनियन संग्रहालयात 1997 मध्ये त्या मांडल्या गेल्या. चिनरीने कारागिरांना मोकळीक दिली आणि पैसाही दिला, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. बेनेडेट्टो, लिंडा मँझर यांनी आपले सर्वस्व ओतले यातही शंका नाही. परंतु ही मागणी मी पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा तिच्यात रंग सापडतो, रुंदी सापडते. हात सापडत नाही. कोण वाजवणार, कशात वाजवणार, हे कोणत्याच कारागिराला विचारता आले नाही. मग प्रत्येकाने आपल्याच समव्यवसायी मंडळींना उद्देशून गिटार केली. देखणी कामे झाली, पण ती एकमेकांकडे पाहत उभी आहेत.

चिनरीच्या संग्रहातल्या गिटारींवर स्टीव्ह हाउ आणि मार्टिन टेलर या दोघांनी मिळून एक ध्वनिमुद्रिका केली. ती 2002 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा चिनरी हयात नव्हता. दोघेही पट्टीचे वादक आहेत आणि ध्वनिमुद्रिका ऐकावी अशीच आहे. पण ऐकताना ध्यानात येते की येथे हात दोन जोड्या आणि वाद्ये ढीगभर. एकेकीच्या वाट्याला काही मिनिटे येतात. गिटार बदलते तसा आवाजाचा पोत बदलतो, आपण कौतुकाने मान हलवतो, आणि ओळख होण्याआधीच पुढची गिटार हाती आलेली असते.