चौकचा धारावी किल्ला आणि मराठी उद्धरणसूचीची उणीव

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील चौक येथें धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३७–३९ च्या वसई-मोहिमेंत या ठाण्यासाठीं मराठे व पोर्तुगीज झुंजले. मोहिमेचे मराठी कागद पेशवे दप्तराच्या १६ व्या खंडांत छापले आहेत. परंतु त्यांतील एखादें पत्र पुढें कोणीं आधारास घेतलें, कोणीं त्याची मिति तपासली व कोणीं ती खोडून काढली, हें कोणत्याही ग्रंथसूचींतून कळत नाहीं.

शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ (१८००–१९३७) कोणता ग्रंथ केव्हां निघाला हें सांगते. एका लेखाचा दुसऱ्याशीं संबंध दाखविणें हें तिचें कामच नव्हे. विज्ञानलेखांसाठीं तें काम यूजीन गारफील्ड यांच्या उद्धरणसूचीनें १९६४ मध्यें आरंभिलें. मराठींत तें करूं जातां पहिली अडचण संक्षेपांची. एकाच खंडास कोणी ‘पे. द. १६’ म्हणतो, कोणी संपादक सरदेसाई यांचें नांव देतो, तर कोणी नुसतें ‘दप्तर’ लिहून मोकळा होतो. तेव्हां संक्षेपांची एकवाक्यता आधीं झाली पाहिजे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र केवळ आंकडे मोजणाऱ्या सूचीवर आहे. चुकलेली मिति दहा जणांनीं उतरून घेतली तर उल्लेख दहा होतात. पुरावा एकच राहतो, आणि तोही खोटा. म्हणून खंडन, मंडन व नुसता अनुवाद यांच्या खुणा सूचींत निरनिराळ्या असाव्या. तसें न झाल्यास चौकच्या अभ्यासकास दर वेळीं पहिल्या पानापासूनच आरंभ करावा लागेल.