समीपार्थक इंग्रजी शब्दांची निवड : कर्जत-खालापूरच्या भूमीवरून काही विचार

पदव्युत्तर वर्गात अनुवाद शिकविणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. विद्यार्थ्यास इंग्रजी शब्द ठाऊक नसतो असे नव्हे. त्यास एकाऐवजी चार ठाऊक असतात आणि त्या चारांतून एक उचलताना तो कोशाचा आधार शोधतो. हा आधार कितपत पुरतो, हे कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात पाहण्याचे येथे योजिले आहे. प्रदेश लहान आहे. परंतु घाट, डोंगर, पाऊस आणि विस्थापन या चारही गोष्टी तेथे एकत्र आल्या असल्याने शब्दांची परीक्षा घेण्यास तो सोयीचा आहे.

समीपार्थक शब्दांतील भेद सांगण्याच्या इंग्रजीत तीन रीती दिसतात. जॉर्ज क्रॅब याने १८१६ मध्ये आपला पर्यायकोश प्रसिद्ध केला. शब्दाच्या व्युत्पत्तीत त्याचा खरा अर्थ दडलेला असतो, या श्रद्धेवर तो बराचसा उभा आहे. रॉजेटच्या १८५२ च्या थिसॉरसमध्ये शब्द कल्पनेनुसार एकत्र मांडलेले आहेत, पण त्यांतला कोणता केव्हा घ्यावा हे वाचकाच्या जाणतेपणावर सोडलेले आहे. विसाव्या शतकात फाउलरने रूढ वापराकडे बोट दाखविले, आणि पुढे फर्थ याने शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारी येणाऱ्या शब्दांवरून ओळखण्याचा मार्ग शास्त्रीय पायावर आणला. आमच्याकडे विद्यार्थ्याच्या हाती बहुधा रॉजेटचाच वंशज असतो, आणि तो वापरतो मात्र क्रॅबच्या श्रद्धेने. गोंधळ येथूनच सुरू होतो.

‘घाट’ हाच शब्द घ्या. त्यासाठी विद्यार्थी डोळे मिटून ‘पास’ लिहितो. इंग्रजीतील ‘पास’ म्हणजे दोन उंचवट्यांमधील सखल वाट. तिचा जवळचा मराठी प्रतिशब्द ‘खिंड’ हा होय. कर्जत तालुक्यातील खांडसहून भीमाशंकरास चढणारा शिडी घाट ज्याने पाहिला आहे, त्यास हा भेद समजावून सांगावा लागत नाही. तेथे खिंड अशी नाहीच. उभा कडा आहे आणि अवघड टप्प्यांवर शिड्या आहेत. मराठीत घाट ठरतो तो माणसाच्या चढउताराने, डोंगराच्या आकाराने नव्हे. इंग्रजांनी हा शब्द उचलला तेव्हा नदीकाठच्या पायऱ्या, डोंगरावरील वाट आणि शेवटी ती वाट ज्या रांगेतून जाते ती सबंध रांग, असा त्याचा अर्थ सरकत गेला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे तिन्ही अर्थ नोंदलेले आहेत. सह्याद्रीस ‘वेस्टर्न घाट्स’ म्हणणे हे मराठी कानास वाटेचे नाव पर्वतास दिल्यासारखे आहे. पण आता ते इतके रूढ झाले आहे की आपणही बिनदिक्कत ‘पश्चिम घाट’ म्हणतो.

बोर घाटाच्या बाबतीत तिसरा शब्द येतो, ‘इन्क्लाइन’. १८६३ मध्ये कर्जतच्या बाजूने खंडाळ्यास रेल्वे चढली. तिच्या अभियंत्यांना ‘पास’ शब्द पुरेसा नव्हता, कारण त्यांचा संबंध निसर्गदत्त वाटेशी नसून आखून घेतलेल्या चढाशी होता. सदतीस फुटांस एक फूट हा त्यांचा सर्वांत तीव्र चढ. ‘इन्क्लाइन’ म्हटले की हे प्रमाण शब्दात येऊन बसते. म्हणून रेल्वेच्या इतिहासावरील मराठी उताऱ्याचे भाषांतर करताना ‘इन्क्लाइन’ योग्य, आणि मावळातून कोकणात उतरणाऱ्या वाटसरूंच्या वर्णनात तो हास्यास्पद. या जागी ‘घाट’ तसाच ठेवावा, असे माझे मत आहे.

याहून गंभीर प्रश्न ‘दरड कोसळणे’ या शब्दप्रयोगाचा आहे. इंग्रजीत जुना शब्द ‘लँडस्लिप’. तो सतराव्या शतकापासूनचा. ‘लँडस्लाइड’ हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला आणि आज भूवैज्ञानिकांनी तोच व्यापक संज्ञा म्हणून स्वीकारला आहे. कोश या दोहोंस समानार्थी म्हणतो, आणि व्युत्पत्तीनेही काही साधत नाही. घसरणे दोहोंतही आहेच. भेद काळाचा व प्रदेशाचा आहे, अर्थाचा नाही. येथे विद्यार्थ्याने वेळ दवडू नये.

खरी निवड अन्यत्र आहे. आपली दरड लहानही असते आणि मोठीही. लोणावळा-कर्जत मार्गावर पावसाळ्यात रुळांवर एखादा धोंडा आला तरी वृत्तपत्रात दरड कोसळते. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ खडक आले तीही दरड. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकरांच्या वाडीवर डोंगराचा भाग चिखलदगडांसह उतरला, तीही दरडच. मराठीस हा एक शब्द पुरतो, कारण ‘कोसळणे’ हे क्रियापद आघात सांगते, वस्तूचे परिमाण सांगत नाही. इंग्रजीत मात्र पहिल्या दोन ठिकाणी ‘रॉकफॉल’ म्हणावे लागेल आणि तिसऱ्या ठिकाणी तो शब्द वापरला तर ती चूक केवळ भाषेची राहणार नाही. सुट्या खडकास जाळी लावता येते. उतारच सरकू लागला तर लोकांना हलवावे लागते. अहवालातील शब्दावरून उपाय ठरतो. अलीकडे मराठीत ‘भूस्खलन’ हा संस्कृत शब्द या मोठ्या अर्थाने येऊ लागला आहे; तो कानास परका वाटला तरी हा भेद राखण्यास उपयोगी पडेल, म्हणून मी त्यास विरोध करीत नाही.

लोकांना हलविण्याची गोष्ट निघाली की ‘रिसेटलमेंट’ आणि ‘रिहॅबिलिटेशन’ हे जोडपे पुढे येते. २०१३ च्या केंद्रीय भूमिसंपादन कायद्याच्या नावातच हे दोन्ही शब्द आहेत. पहिल्याचा रोख नव्या जागी वसविण्याकडे, दुसऱ्याचा उपजीविका व जीवनक्रम पुन्हा मार्गी लावण्याकडे. मराठी नावात त्यांसाठी ‘पुनर्वसाहत’ आणि ‘पुनर्वसन’ असे शब्द आले आहेत. दोन्ही एकाच ‘वस्’ धातूचे! सामान्य वाचकास, आणि मला वाटते अनेक कारकुनांसही, या दोहोंत काही अंतर आहे अशी शंका येणार नाही. इंग्रजीत जी दोन कर्तव्ये वेगळी उभी आहेत ती मराठीत एकमेकांत मिसळतात, आणि घर दिले म्हणजे पुनर्वसन झाले असे वाक्य सहज लिहिले जाते. मोरबे धरणाच्या पाण्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याविषयी किंवा इर्शाळवाडीतून वाचलेल्या कुटुंबांविषयी लिहिताना विद्यार्थी त्या वाक्याचे ‘वेअर रिहॅबिलिटेटेड’ असे भाषांतर करतो. तो नकळत साक्ष देत असतो, की त्यांचे रान, त्यांची शेती, त्यांचा रोजगार हे सारे परत मिळाले. मूळ मराठी वाक्यात ती साक्ष नव्हती. केवळ घरे मिळाली असतील तर ‘रिसेटल्ड’ लिहावे. उपजीविकेविषयी मूळ लेखक गप्प असेल तर अनुवादकानेही गप्प राहावे. क्रॅबची व्युत्पत्ती येथे उलट दिशेने दिशाभूल करते, कारण मराठीच्या धातूवरून गेलो तर ‘पुनर्वसन’ म्हणजे ‘रिसेटलमेंट’च ठरेल, आणि कायद्याने तर त्यास दुसरीकडे नेमले आहे. कोशकाराने कायद्याचे नाव शेजारी ठेवून ही नोंद नव्याने लिहावयास हवी.

इर्शाळवाडीत सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे मिळाली नाहीत, आणि २३ जुलै २०२३ रोजी शोधकार्य थांबविण्यात आले. बातमीत त्यांना ‘बेपत्ता’ म्हटले होते. हा उतारा मी एकदा वर्गात भाषांतरास दिला. बहुतेकांनी ‘मिसिंग’ लिहिले. कोशाप्रमाणे ते बरोबर. काहींनी ‘लॉस्ट’ लिहिले, त्यात वाट चुकल्याचा भास होतो. ‘मिसिंग’ या शब्दाच्या शेजारी इंग्रजीत नेहमी शोध असतो. कोणीतरी अजून वाट पाहत आहे असे तो शब्द सुचवितो. शोध थांबल्यानंतरच्या परिच्छेदात तो कसा ठेवावयाचा, यावर वर्गात बराच वाद झाला. ‘डेड’ लिहिण्यास कोणी धजले नाही, आणि मूळ उताऱ्यानेही ते म्हटले नव्हते. खालापूरकडील एका विद्यार्थिनीने यांपैकी कोणताच पर्याय घेतला नाही. तिने ‘वेअर नेव्हर फाउंड’ असे लिहिले. मी त्या ओळीस हात लावला नाही.